मूल हुशार आहे, पण वाचन अडतंय: डिस्लेक्सिया आणि नाशिकमधली आपली मुलं

गोदातीर

नमस्कार. डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडणं, असलेली, किंवा असावा अशी शंका असलेली मुलं ज्यांच्या घरात आहेत, त्यांच्यासाठी हा धागा काढते आहे. शोधायला गेलं की माहिती ढिगाने मिळते, पण ती सगळी इंग्रजी वाचणाऱ्या मुलांची. आपली मुलं काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरांपाशी अडतात, त्याबद्दल फार कमी लिहिलेलं सापडतं.

माझी मुलगी चौथीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी. तिच्या आजोबांनी तिला रामशेजच्या वेढ्याची गोष्ट सांगितली होती. १६८२ मध्ये मुघलांनी वेढा घातला, गडावर तोफा नव्हत्या तर लाकडाच्या कशा केल्या, किल्ला किती वर्षं झुंजवला, हे सगळं ती क्रम न चुकवता सांगते. तीच गोष्ट छापलेली समोर ठेवली की 'किल्लेदार'चं 'किलेदर' होतं, 'चित्र'चं 'चिरत' होतं, आणि 'पाऊस' असेल तिथे पहिलं अक्षर बघून ती 'पाणी' म्हणून पुढे जाते. फळ्यावरचं उतरवून घेताना ओळी गळतात. इंग्रजीत तर 'was'चं 'saw' रोजचंच. संध्याकाळ गृहपाठात जाते आणि झोपताना घरात सगळे दमलेले असतात.

मला विचारायचं आहे ते असं. आधी कुणाकडे जायचं? तपासणी मराठीत करायची की इंग्रजीत? परीक्षेतल्या सवलतींसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची घाई करावी का? आणि हे सगळं होईपर्यंत घरी आजपासून काय करता येईल?

पाटीपेन्सिल

गोदातीर ताई, मी विशेष शिक्षिका आहे, नाशिकमध्येच काम करते. तुम्ही जे लिहिलंय त्यात सगळ्यात मोलाची गोष्ट रामशेजची आहे. ती तपासणी करणाऱ्यांना आवर्जून सांगा. ऐकून समजणं आणि वाचून समजणं यांत एवढी दरी असणं ही डिस्लेक्सियाची मोठी खूण असते.

१८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं होतं. मुलगा चुणचुणीत, पण साधे शब्द वाचता येईनात. त्याच्या मास्तरांचं म्हणणं त्यांनी नोंदवलंय: सगळं शिक्षण तोंडी असतं तर हाच शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, आणि माझ्याकडे येणारे पालक अजूनही जवळजवळ हेच वाक्य बोलतात.

अडचण डोळ्यांत नसते, बुद्धीत नसते, आळसात तर नसतेच. बोललेल्या शब्दातले सुटे आवाज वेगळे पकडायचे आणि ते अक्षराशी पटकन जोडायचे, हे काम मेंदूत डाव्या बाजूचं एक जाळं करतं. डिस्लेक्सियात ते वेगळ्या रीतीने आणि सावकाश चालतं. पुष्कळदा हे घराण्यात असतं. बाबा किंवा मामा 'लहानपणी वाचायचा कंटाळा करायचा' असं कुणी सांगितलं की मी ते लिहून ठेवते.

आता मराठीचं. आपल्याकडे एक समजूत आहे की मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, त्यामुळे मराठीत हा त्रास होत नाही. होतो, फक्त वेगळ्या जागी होतो. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार मुलाला छळतात. मराठीत उच्चार बराचसा ठरलेला असतो, पण चिन्हं खूप आणि ती अक्षराच्या चारही बाजूंना. ऱ्हस्व वेलांटी लिहिली जाते आधी आणि उच्चारली जाते नंतर. रफार बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, पण बोलायचा त्याच्या आधी. एकटा 'र' बघा: प्रकाश, सूर्य, ट्रक, दऱ्या, चार शब्दांत चार रूपं. त्यात 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य', 'ब' आणि 'व' दिसायला जवळ. म्हणून मराठी वाचणारं डिस्लेक्सियाचं मूल बरेचदा अक्षरं बरोबर वाचतं पण फार सावकाश वाचतं, आणि जोडाक्षर आलं की थांबतं किंवा अंदाज मारतं. 'वाचतोय की, फक्त हळू' असं म्हणून अशी मुलं पाचवी-सहावीपर्यंत नजरेतून सुटतात.

तपासणीचा क्रम सांगते. आधी डोळे आणि कान. हे अगदी साधं वाटतं, पण चष्म्याचा नंबर किंवा कमी ऐकू येणं राहून गेलेलं असू शकतं. मग बालविकासाचं काम करणारे बालरोगतज्ज्ञ किंवा बाल मानसशास्त्रज्ञ. ते बुद्धिमापन चाचणी घेतील आणि वाचन, लेखन, गणित यांच्या वेगळ्या चाचण्या घेतील. लक्ष टिकवण्याची अडचण जोडीने आहे का तेही बघायला सांगा, बऱ्याच मुलांमध्ये दोन्ही असतं.

भाषेबद्दल: दोन्ही भाषांत करा. फक्त इंग्रजीत तपासलं तर इंग्रजीचा सराव कमी आहे की वाचनाचीच मूळ अडचण आहे, हे सुटं करता येत नाही. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डिस्लेक्सिया तपासण्यासाठी 'डाली' नावाचं साधन तयार केलं आहे, २०१५ मध्ये ते आलं. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांत आहे. त्यात पहिली-दुसरीसाठी आणि तिसरी ते पाचवीसाठी वर्गशिक्षकांना भरता येतील अशा चाळणी प्रश्नावल्या आहेत आणि तज्ज्ञांसाठी सविस्तर चाचणी वेगळी. तपासणीची वेळ घेताना 'तुमच्याकडे मराठीतली चाचणी आहे का' हे फोनवरच विचारा.

घरी काय करायचं ते सवडीने वेगळं लिहिते, ते दोन ओळींत उरकण्यासारखं नाही.

रानजाई

वाचनखूण साठवली. पाटीपेन्सिल ताई, जरूर लिहा, वाट बघते. माझा मुलगा दुसरीत आहे.

सिडकोवासी

आमच्या ओळखीत एकांनी मुलाला रंगीत काचेचा चष्मा करून घेतला, डोळ्यांचे व्यायामही चालू आहेत. दुसऱ्या एका ठिकाणी 'मिडब्रेन' का कसलातरी कोर्स सांगितला, डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवतात म्हणे. खर्च बराच आहे. कुणाला अनुभव?

पाटीपेन्सिल

सिडकोवासी, कृपया त्यांना थांबवा. रंगीत काचा आणि डोळ्यांच्या व्यायामाने डिस्लेक्सिया सुधारतो याला पुरावा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून हे स्पष्ट सांगितलं होतं. डोळ्यांवर पट्टी बांधून कुणी वाचत नाही. पट्टीच्या फटीतून दिसतं, आणि मुलाला फसवायला शिकवलं जातं. ज्या मुलाला आधीच स्वतःबद्दल शंका आहे, त्याला हे शिकवणं मला फार लागतं.

आणखी एक. 'ब' उलटा काढला किंवा अक्षर आरशातल्यासारखं लिहिलं म्हणजे डिस्लेक्सिया, असं नसतं. सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलं असं करतात.

आता घरचं, रानजाईंसाठी पण.

सुरुवात कानापासून करा, कागद नंतर. 'कमळ' शब्दात टाळ्या किती? 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरलं? 'मासा'मधला 'सा' आधी आणला तर? शब्दांच्या भेंड्या खेळा, पण शेवटच्या अक्षराऐवजी कधी शेवटच्या आवाजावर खेळा. रिक्षात, सिग्नलला थांबल्यावर, भाजी निवडताना होतं हे. दुसरीतल्या मुलाला याची सवय लागली तर पुढचं पुष्कळ सोपं जातं.

मग अक्षर. एका वेळी थोडीच, आणि दिसायला जवळची अक्षरं कधीच एकत्र शिकवू नका. 'घ' पक्का होईपर्यंत 'ध' आणायचा नाही. बाराखडी पाठ म्हणवून घेण्याचा या मुलांना फायदा होत नाही, कारण चालीत म्हणताना त्यांना कुठलं चिन्ह कुठला आवाज देतं ते कळत नाही. त्याऐवजी 'क'ला काना लावला की तोंड कसं उघडतं, वेलांटी लावली की ओठ कसे ताणले जातात, हे आरशात बघायचं. बोटाने ताटलीतल्या रव्यावर गिरवायचं आणि गिरवताना आवाज मोठ्याने काढायचा. हात, डोळा, कान एकाच वेळी कामाला लागले पाहिजेत. ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी गेल्या शतकात अमेरिकेत बसवलेली पद्धत याच पायावर उभी आहे: एका वेळी एक गोष्ट, ठरलेल्या क्रमाने, उघड समजावून, आणि मागचं पुन्हा पुन्हा घेत.

जोडाक्षरं फोडून शिकवा. 'ल्ल' म्हणजे अर्धा ल आणि पूर्ण ल, दोन पुठ्ठ्याचे तुकडे करा आणि मुलीला जोडू द्या. रफाराला वेगळा रंग द्या आणि तो कुठून उडी मारून आला ते बाणाने दाखवा. गोदातीर ताई, 'चित्र'चं 'चिरत' होतंय म्हणजे तिला 'त्र'मधला 'र' ऐकू येतोय, तो कुठे बसवायचा ते कळत नाहीये. याच जागेवर काम करायचं.

रोज वीसेक मिनिटं पुरेत. रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आणि ती वीस मिनिटं संपली की वही बंद.

यानंतरचं जे लिहिते आहे ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वाचन शिकवणं आणि ज्ञान देणं या दोन गाड्या वेगळ्या रुळांवर चालवा. मुलीचं वाचन दुसरीच्या पातळीवर असेल, पण तिची समज चौथीच्या पुढे असेल. वाचता येत नाही म्हणून इतिहास, विज्ञान, गोष्टी थांबवल्या तर दोन-तीन वर्षांत तिचा शब्दसंग्रह आणि माहितीसुद्धा मागे पडते, आणि मग ती खरंच मागे पडलेलं मूल दिसायला लागते. तिला वाचून दाखवा. परिसर अभ्यासाचा धडा फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आजोबांना तर कामालाच लावा! फोनमध्ये मराठी मजकूर वाचून दाखवायची सोय असते, ती चालू करा. 'सुगम्य पुस्तकालय' हे सरकारी ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये सुरू झालं, छापील मजकूर वाचता न येणाऱ्या सगळ्यांसाठी आहे, त्यात डिस्लेक्सियाही येतो.

पेठचा_मास्तर

छान चर्चा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, पेठ भागात. शहराबाहेरचं थोडं मांडतो, कारण तिकडची मुलं या धाग्यात एरवी येणार नाहीत.

आमच्या वर्गातली बरीच मुलं घरी कोकणा बोलतात. पहिलीत आल्यावर पुस्तकातली मराठी त्यांच्यासाठी नवी भाषा असते. अशा मुलाने सावकाश वाचलं म्हणून त्याला लगेच डिस्लेक्सिया म्हणणं अन्याय आहे. आणि 'घरची भाषा वेगळी आहे, येईल हळूहळू' म्हणून खरोखर डिस्लेक्सिया असलेल्या मुलाकडे दुर्लक्ष करणं हाही अन्यायच. मी माझ्यापुरती एक रीत ठेवली आहे. आवाजांचे खेळ मुलाच्या घरच्या भाषेतल्या शब्दांवर घेतो. नवीन भाषेमुळे अडणारं मूल तिथे पटापट उत्तरं देतं. डिस्लेक्सियाचं मूल घरच्या शब्दांतही आवाज सुटे करताना अडखळतं. शिवाय वर्गातल्या सगळ्यांना सारखंच नीट शिकवल्यावर काही महिन्यांत कोण किती पुढे सरकलं ते बघतो. बरोबरीची, तीच भाषा बोलणारी मुलं सरकली आणि एकटाच तिथे राहिला, तर त्याच्याबद्दल तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांशी बोलतो. निदान करणं माझं काम नाही, पण कुणाकडे पाठवायचं हे ओळखणं आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हाही सांगता येतं. त्यांच्या यादीत अध्ययनातल्या अडचणी आहेत. पथकाकडे वेळ कमी असतो, म्हणून मी नावं आणि वहीतले नमुने आधीच काढून ठेवतो.

कायद्याचंही शिक्षकांनी लक्षात ठेवावं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ मध्ये लिहिलंय की मुलांमधली विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातच येतो) लवकरात लवकर ओळखून तिच्यावर शैक्षणिक उपाय करणं हे शिक्षणसंस्थांचं काम आहे. ही शाळेने केलेली मेहेरबानी नव्हे.

द्राक्षवेल

मास्तर, नमस्कार करतो तुम्हाला.

आम्ही पिंपळगावचे. मुलगा पाचवीत, इंग्रजी माध्यम. सगळे म्हणतात मराठी शाळेत टाका. टाकू का? आणि गणिताचं एक विचारायचं होतं. त्याला 'पस्तीस' लिहायला सांगितलं तर कधी कधी ५३ लिहितो. तोंडी हिशेब मात्र चोख. क्रेटचा भाव लावून दाखवतो.

पाटीपेन्सिल

द्राक्षवेल दादा, पस्तीस म्हणताना आपण आधी पाच म्हणतो आणि नंतर तीस, पण लिहिताना तीन आधी. ज्या मुलाला क्रम पकडायला त्रास आहे तो ऐकलेल्या क्रमानेच लिहितो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'तीस पाच' अशा वाचनाची जोड दिली तेव्हा राज्यभर वाद झाला होता. बाकीच्या मुलांचं काय ते तज्ज्ञ ठरवोत, पण आपल्या मुलांना त्याचा उपयोग होतो हे मी रोज बघते. 'पस्तीस म्हणजे तीस आणि पाच' असं त्याला आधी तोंडाने म्हणू द्या, मग लिहू द्या. तोंडी हिशेब चोख आहे म्हणजे गणिताची समज शाबूत आहे, ती जपा. चौकटीच्या वहीत लिहायला द्या म्हणजे एकक-दशक घसरणार नाहीत.

माध्यमाचं उत्तर सगळ्यांना एक देता येत नाही. माध्यम बदलल्याने डिस्लेक्सिया जात नाही. घरी मराठी असेल आणि मूल पहिली-दुसरीत असेल तर मराठी शाळेचा मी आग्रह धरते, कारण समजलेल्या भाषेत वाचायला शिकणं सोपं. पाचवीत मात्र मित्र सुटतात, विज्ञान-गणिताच्या संज्ञा बदलतात, आणि जुन्या शाळेतलं सगळं सोडून आल्याचं दुःख वेगळं. आत्ताची शाळा समजून घेणारी असेल तर तिथेच राहू द्या आणि मराठी वाचन घरी पक्कं करा. शाळा रोज अपमान करत असेल तर बदला, मग माध्यम कुठलंही असो.

दहावीची_आई

प्रमाणपत्राबद्दल मी लिहू शकते, आम्ही नुकतेच त्यातून गेलोय. मुलाने राज्य मंडळाची दहावी दिली, नाशिक विभागीय मंडळ.

खासगी तज्ज्ञांचा अहवाल आणि सरकारी प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवाल तुम्हाला शिकवायला उपयोगी पडतो. सवलतींसाठी सरकारी वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते जिल्हा शल्यचिकित्सकांसारख्या अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतं. गोल्फ क्लब मैदानाजवळच्या जिल्हा रुग्णालयात आधी जाऊन चौकशी करा: कुठल्या वारी बघतात, कुठले कागद लागतात, पुढे कुठे पाठवतात. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बंगळूरुच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणी वापरायला सांगितली आहे, मूल आठ वर्षांचं झाल्यावरच प्रमाणपत्र, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी, आणि अठराव्या वर्षीचं कायमचं. २०२४ मध्ये सुधारित सूचना आल्या आहेत, तेव्हा रुग्णालयात आत्ता लागू असलेलंच विचारून घ्या. नोंदणी ऑनलाइन, दिव्यांग प्रमाणपत्रांच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर.

महाराष्ट्रात दहावी-बारावीला या सवलती १९९६ पासून आहेत. जास्तीचा वेळ, गरज असेल तर लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणं, एका भाषेऐवजी दुसरा विषय, गणिताऐवजी खालच्या पातळीचं अंकगणित. सीबीएसईला तीन तासांच्या पेपरला साठ मिनिटं जास्त मिळतात. पण यादी बघून सगळंच मागू नका. आमच्या मुलाला गणित आवडतं आणि त्याला डिप्लोमाला जायचं होतं. खालच्या पातळीचं अंकगणित घेतलं असतं तर ती वाट बंद झाली असती. त्याने पूर्ण गणित ठेवलं, वेळ जास्त घेतला आणि हिंदी सोडली.

लेखनिकाचंही तसंच. लेखनिकाला उत्तर सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. मनात वाक्य पूर्ण जुळवायचं, मग बोलायचं, स्वल्पविराम कुठे तेही सांगायचं, आणि त्याने काय लिहिलं ते तपासायचं. नववीतच घटक चाचण्या लेखनिकासह देऊ द्या अशी शाळेला विनंती करा. बोर्डाच्या पेपरला पहिल्यांदा लेखनिक समोर बसला तर मूल गोंधळतं.

प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. नववी संपताना कागद तयार हवेत, कारण दहावीच्या दिवाळीनंतर सगळीकडे धावपळ असते.

आणि मुलाला सगळं सांगा. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलं बोलायची बंद होतात, वर्गात सवलत घ्यायला लाजतात. आमच्याकडे मोठा बदल कशाने झाला असेल तर मानसशास्त्रज्ञांनी अहवाल त्याच्याच समोर उघडून त्यालाच समजावला त्याने. तुझी तर्काची पातळी ही, ऐकून लक्षात ठेवण्याची ही, वाचनाचा वेग हा. खाली येताना जिन्यात तो म्हणाला, 'म्हणजे मी मठ्ठ नाहीये.' आई म्हणून ते वाक्य मला कायम लक्षात राहील.

सिडकोवासी

ताई, डोळ्यांत पाणी आलं. ओळखीच्यांना धागा पाठवलाय.

अंबडकर

मी या धाग्यावरचा बहुतेक एकटाच असा ज्याला स्वतःला डिस्लेक्सिया आहे. हे बोलून टाइप करतो आहे, चुका राहिल्या तर सांभाळून घ्या.

माझ्या लहानपणी कुणाला हे नाव माहीत नव्हतं. दहावी कशीबशी सुटली. नंतर सातपूरच्या आयटीआयमध्ये गेलो आणि तिथे पहिल्यांदा असं झालं की मी वर्गात पुढे होतो. ड्रॉइंग बघितलं की तो भाग डोक्यात उभा राहायचा, सगळ्या बाजूंनी. आज अंबडला एका कारखान्यात व्हीएमसी मशीनवर (संगणकाच्या सूचनांवर धातू कापणारं यंत्र) आहे, प्रोग्रॅमही करतो. प्रत्येक डिस्लेक्सियावाल्याला चित्रं चांगली दिसतात असं मी म्हणत नाही. कुणाला बोलता चांगलं येत असेल, कुणाला माणसं कळत असतील, कुणाला शेती. आपल्या मुलाला काय येतं ते घरच्यांनी शोधावं आणि त्यासाठी वेळ राखून ठेवावा. गृहपाठ झाला नाही म्हणून खेळ बंद, चित्रकला बंद, असं करू नका. जिथे मूल जिंकतं ती एकच जागा असते, तीच काढून घेतली तर त्याच्याकडे उरतं काय?

कामावर मला आजही लांबलचक मेल वाचायला वेळ लागतो. फोन वाचून दाखवतो. सेफ्टीच्या सूचना नवीन आल्या की सुपरवायझरला म्हणतो एकदा तोंडी सांगा. हे म्हणायला मला फार उशिरा जमलं. मुलांना हे वाक्य शाळेतच शिकवा: 'मला ऐकून लवकर कळतं, एकदा सांगाल का?' लाजायचं कारण नाही.

मोठ्या मुलांच्या पालकांसाठी: ४० टक्के किंवा जास्त अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर २०१६ च्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत, त्यात आपणही येतो. सरकारी नोकरीतल्या चार टक्क्यांमध्येही विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. माझ्या वेळी यातलं काही नव्हतं. आता आहे, तर घ्या.

रानजाई

अंबडकर दादा, तुमचा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला. तो विचारतोय तुमचं मशीन किती मोठं आहे.

अंबडकर

त्याला सांगा, आमच्या देवघराच्या खोलीपेक्षा मोठं. फोटो काढायला कंपनीत परवानगी नाही, पण चालू मशीन कसं कापतं ते मी त्याला फोनवर सांगेन. व्यक्तिगत निरोप करा.

गोदातीर

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही डोळे आणि कान तपासून घेतले, दोन्ही ठीक आहेत. मराठी चाचणी करणाऱ्या बाल मानसशास्त्रज्ञांची वेळ मिळाली आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करून ठेवते, पण शिकवणं त्याच्यासाठी थांबवणार नाही. रव्यावर 'त्र' काढणं चालू झालंय. आजोबा रोज संध्याकाळी परिसर अभ्यासाचा एक धडा रेकॉर्ड करतात आणि मध्येच स्वतःच्या आठवणी घालतात, तिला ते जास्तच आवडतं. आता पुढची सुट्टी सार्वजनिक वाचनालयात काढायची म्हणतात. १८४० पासूनचं ते वाचनालय, तिथली पुस्तकं वाचून दाखवायला मी आहे, म्हणाले.

एकच गोष्ट अडते आहे. वर्गशिक्षिकेशी बोलायचं कसं? बाई मनाने चांगल्या आहेत, पण वर्गात पन्नासच्या आसपास मुलं. मागच्या वेळी मी खूप काही सांगितलं आणि त्यांनी मान हलवली, पुढे काही झालं नाही.

पाटीपेन्सिल

पन्नास मुलं सांभाळणाऱ्या बाईंना तोंडी सांगितलेलं लक्षात ठेवणं अवघड असतं. लेखी द्या, थोडकं द्या, आणि त्यांना वेगळा वेळ काढावा लागणार नाही अशाच गोष्टी मागा. मी पालकांना साधारण असा मजकूर देते, हवा तसा बदला:

'आदरणीय मॅडम, माझ्या मुलीला वाचन-लेखनात अडचण आहे आणि तिची तपासणी चालू आहे. ऐकून तिला चांगलं समजतं. अहवाल आल्यावर आपल्याला प्रत देऊ. तोपर्यंत आपल्याकडे तीन विनंत्या आहेत. तिला अचानक उभं करून मोठ्याने वाचायला सांगू नये; वाचायचा उतारा आदल्या दिवशी कळला तर ती घरून तयारी करून येईल. फळ्यावरचं पूर्ण उतरवून झालं नाही तर शेजारच्या मैत्रिणीच्या वहीचा फोटो काढण्याची आम्हाला परवानगी असावी. आणि शब्दलेखनाच्या चाचणीत तिला दहाऐवजी पाच शब्द द्यावेत, ते ती पक्के करून येईल. तिला तोंडी प्रश्न विचारून पाहावेत ही विनंती. तिला पुष्कळ काही येतं, आणि ते आपल्याला दिसावं असं आम्हाला मनापासून वाटतं. आपल्याला काही सांगायचं असल्यास आम्ही केव्हाही येऊ.'

दोन प्रती काढा. एक बाईंना, एक मुख्याध्यापकांना, आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या. पुढे प्रमाणपत्राच्या आणि सवलतीच्या वेळी 'शाळेला कधी कळवलं' हा प्रश्न येतो, तेव्हा ती पोच कामी येते. महिन्याभराने जाऊन बाईंना विचारा की यातलं काय जमतंय आणि काय जमत नाहीये, आणि जे जमत नसेल त्याच्या जागी दुसरं काय चालेल ते त्यांनाच सुचवू द्या.